पुण्यात ‘मायक्रो’ (सूक्ष्मजीवशास्त्र) शिकवण्यामागचा इतिहास

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मायक्रोतली इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र) शिकवणाऱ्याला पहिल्या तासासाठी उदाहरण लांबून आणावं लागत नाही. विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्यासोबत रुग्णसेवा करताना त्यांना लागण झाली. बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारीला, मुंबईत जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. वर्गात या दोन तारखा फळ्यावर लिहिल्या की मला क्षणभर थांबावं लागतं.

ती लस कशी केली, हे मुलं कान देऊन ऐकतात. हाफकिन मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडत. थेंबांना धरून जंतू खाली जटांसारखे लोंबत वाढत. ते उष्णतेने मारायचे आणि टोचायचे. मेलेला जंतूही शरीराला शत्रूची ओळख करून देतो, हा धडा यापेक्षा सोपा करून सांगता येत नाही.

जंतुशास्त्राची प्रयोगशाळा पुण्याने त्याही आधी पाहिली होती. १८८९ मध्ये इथे सुरू झालेली ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ जनावरांच्या रोगांवर, विशेषतः बुळकांडी या गुरांच्या साथीवर काम करायची. असले जंतू भरवस्तीत नकोत म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला गेली. प्लेग आला तो त्यानंतर चार वर्षांच्या आत.

विषयाला खरा आधार मिळाला स्वातंत्र्यानंतर. १९४९ मध्ये विद्यापीठ, १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर (आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था), पुढे पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना, १९६६ मध्ये लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा गोचिडीतून पसरणारा तो विषाणू पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी शोधला. २०२० मध्ये एनआयव्हीने करोनाच्या अँटिबॉडी (शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रथिनं) तपासणारी ‘कोविड कवच’ एलायझा चाचणी तयार केली. तिचं तत्त्व आम्ही बीएस्सीलाच शिकवतो: खळग्यांची प्लेट, तळाशी चिकटवलेलं अँटिजेन (विषाणूचा ओळख पटवणारा भाग), वर रुग्णाचं सीरम (रक्तातला पातळ द्रव), आणि अँटिबॉडी असेल तर शेवटी चढणारा रंग.

हे शिकवायला एमएस्सीनंतर नेट, सेट या पात्रता परीक्षा किंवा पीएचडी लागते. एवढं करूनही अनेकांची उमेदीची वर्षं तासिका तत्त्वावर जातात. या विषयाने ज्या शहराला इतकं दिलं, तिथे हे घडू नये असं मला मनापासून वाटतं. मानधन तासाचं मिळतं. पण आदल्या दिवशी आगर (जंतू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) बनवणं, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांवर धरून बसणं, गार होण्याआधी प्लेटा ओतणं आणि प्रॅक्टिकल संपल्यावर त्याच प्लेटा निर्जंतुक करून टाकणं, हे काम कुठल्याच तासिकेत धरलं जात नाही.