पार्श्वभूमी : अभिक्रियेची 'ऑर्डर' आणि समीकरणातले आकडे

संतुलित समीकरणातले आकडे उचलायचे आणि वेग-समीकरणात, म्हणजे अभिक्रियेचा वेग पदार्थांच्या संहतीवर कसा अवलंबून आहे ते सांगणाऱ्या सूत्रात, संहतींचे घातांक म्हणून बसवायचे (त्यांचीच बेरीज म्हणजे 'ऑर्डर'), ही बारावीच्या वह्यांमधली नेहमीची चूक. पण ती विद्यार्थ्यांनी शोधून काढलेली नाही.

१८५० मध्ये एका जर्मन संशोधकाने उसाच्या साखरेच्या आम्लयुक्त द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला आणि प्रकाशाचे प्रतल किती वळते ते मोजत साखर कशी फुटते हे पाहिले. जितकी साखर उरलेली, त्या प्रमाणात वेग. पाणीही खर्च होते, पण ते मुबलक असल्याने हिशेबात येत नाही. या कामाची तीसेक वर्षे कुणी फारशी दखल घेतली नाही.

खरा घोळ नॉर्वेत झाला. १८६४ मध्ये तिथल्या दोघांनी वस्तुमान-क्रियेचा नियम (अभिक्रिया पदार्थांच्या प्रमाणावर कशी अवलंबून असते ते सांगणारा) मांडला, तेव्हा घातांक प्रयोगाने ठरवायचे असे त्यांचेच म्हणणे होते. पुढे १८७९ च्या लेखात त्यांनी तिथे थेट समीकरणातले सहगुणक घातले. समतोलासाठी, म्हणजे सुलटी आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालते त्या स्थितीसाठी, हे बरोबरच आहे, कारण अभिक्रिया कोणत्याही वाटेने, म्हणजे कोणत्याही टप्प्यांतून, होवो, समतोल तोच येतो. वेग मात्र वाटेवर ठरतो. पाठ्यपुस्तकांनी नियम उचलला आणि हा फरक मागे राहिला. माझ्या मते पहिली मांडणीच अधिक शहाणी होती.

त्यात शब्दांचीही गल्लत. 'एकरेण्वीय', 'द्विरेण्वीय' ही नावे आधी मोजलेल्या वेगावरूनच देत. एका टप्प्यात किती रेणू भिडतात ती रेण्वीयता, आणि प्रयोगातून निघालेल्या घातांकांची बेरीज ती कोटी, म्हणजे वर्गातली 'ऑर्डर'. हे दोन्ही शब्द विसाव्या शतकातही बराच काळ एकमेकांच्या जागी वापरले जात होते. रेण्वीयता पूर्णांकच असते. कोटी शून्य असू शकते, अपूर्णांकही असू शकते.

हायड्रोजन आणि ब्रोमीनने ही गल्लत उघड केली. समीकरण अगदी साधे, पण १९०६-०७ च्या मोजमापांत ब्रोमीनचा घातांक अर्धा निघाला, शिवाय तयार होणारा हायड्रोजन ब्रोमाइडच वेग कमी करतो असे दिसले. अशा अभिक्रियेला एकच कोटी सांगताच येत नाही. १९१९-२० मध्ये तिघांनी स्वतंत्रपणे साखळी अभिक्रियेचा (एका टप्प्यात सुटा झालेला अणू पुढचा टप्पा घडवतो) खुलासा दिला. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडची गोष्ट उलटी : समीकरणात त्याचे दोन रेणू, प्रयोगात कोटी एक.

हायड्रोजन-आयोडीनची जोडी मात्र सरळ वाटत राहिली. मोजलेली कोटी दोन, म्हणून दोन रेणूंची थेट टक्कर, असे सत्तरेक वर्षे शिकवले गेले. १९६७ मध्ये आयोडीनचे रेणू प्रकाशाने फोडून केलेल्या प्रयोगांनी दाखवले, की वाट आयोडीनच्या सुट्या अणूंवरून जाते. वेग-समीकरणातले घातांक मात्र तेच राहिले : हायड्रोजनचा एक, आयोडीनचा एक.