हस्ताचा पाऊस आणि चर्चचा नवा सिझन, सोलापुरात हे कुठून आलं

सप्टेंबर संपत आला की सोलापुरातल्या चर्चमधे एकदम गडबड सुरू होते. उपासनेनंतरच्या सूचना लांबत जातात, क्वायरच्या प्रॅक्टिसचे दिवस वाढतात, संडे स्कूलच्या वर्गांना नवीन टीचर शोधायचे असतात, महिला मंडळाची मीटिंग, तरुण संघाची नवी कमिटी, दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी व्हीबीएस म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा घ्यायची का, पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा उपकारस्तुतीचा सण कोणत्या रविवारी धरायचा, आणि हे होतंय तोवर ख्रिसमसच्या गाण्यांच्या झेरॉक्स निघायला लागतात. जून ते ऑगस्ट हे काही बंद नसतं, पण जरा संथ चाललेलं असतं. ज्यांचं बालपणच चर्चच्या आवारात गेलं त्यांना यात काही विशेष वाटत नाही, पण घरातली मुलं विचारतात ना की शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, कॅलेंडर जानेवारीला, मग आपल्या चर्चचं सगळं आत्ताच का? याचं उत्तर बरंच लांब आहे आणि मला वाटतं ते नीट सांगायला हवं, कारण त्यात अमेरिका आहे, आपली काळी माती आहे, गिरणी आहे, आणि बायबलचा देश पण आहे.

आधी अमेरिका. मराठी मुलखात प्रोटेस्टंट मिशनचं काम सुरू केलं ते अमेरिकन बोर्ड या तिकडच्या मिशन संस्थेने, त्यांचे पहिले लोक 1813 मधे मुंबईत उतरले, 1831 मधे नगरला ठाणं झालं, आणि नगरहून ते हळूहळू दक्षिणेकडे सरकत आले. हे मिशनरी बहुतेक न्यू इंग्लंडच्या म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातले, काँग्रिगेशनल म्हणजे प्रत्येक चर्चने आपला कारभार आपणच पाहायच्या परंपरेतले. त्या परंपरेत एक गोष्ट आज ऐकून आश्चर्य वाटेल अशी आहे, त्यांच्या पूर्वजांनी ख्रिसमस पाळणंच सोडून दिलेलं होतं, मॅसॅच्युसेट्समधे तर 1659 ते 1681 ख्रिसमस साजरा केला तर दंड होता. त्यांचा मोठा सण म्हणजे शरद ऋतूतली उपकारस्तुती, शेतातलं सगळं घरात आलं, थंडी पडायच्या आत देवाचे आभार मानायचे. 1863 मधे लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्यासाठी जाहीर केला आणि तेव्हापासून तो देशभर दरवर्षी होऊ लागला. तिकडे उन्हाळ्यात लोक शेतात किंवा बाहेरगावी, सप्टेंबरला शाळा उघडतात, आणि चर्चचं कामाचं वर्षही तेव्हाच उघडतं, नंतर नंतर तर संडे स्कूलची मुलं परत गोळा करायला खास रविवार धरायची पद्धत पडली. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरला चर्चने नव्याने उभं राहायचं ही सवय त्या लोकांच्या अंगातच होती.

पण नुसती सवय घेऊन आले आणि इथे लादली असं म्हणणं मला पटत नाही. तसं असतं तर दीडशे वर्षं टिकली नसती. सोलापुरात ती टिकली कारण इथल्या हवामानाला ती बसली.

सोलापूरला रेल्वे आली 1860 मधे, आणि त्याच दशकात अमेरिकन मिशनचं कामही इथे सुरू झालं. रेव्ह. चार्ल्स हार्डिंग, नंतर रेव्ह. लॉरिन गेट्स ही नावं जुन्या सोलापूरकर कुटुंबांच्या बोलण्यात अजून येतात. त्या काळात मिशनचं वर्ष तीन भागात पडायचं. उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन सोसत नाही म्हणून गोरी कुटुंबं महाबळेश्वरला जायची. पावसाळ्यात ठाण्यावरच, कारण आपली काळी माती भिजली की बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं, सीना भीमा भरल्या की पलीकडच्या गावांशी संपर्कच नाही. आणि पाऊस उघडला, वाटा वाळल्या, की तंबू, पुस्तकांच्या पेट्या, गाडी घेऊन गावोगाव फेरी सुरू, ती थेट थंडी संपेपर्यंत. खेड्यातल्या छोट्या मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समूहांना, पाळक म्हणजे धर्मगुरू भेटायचा, बाप्तिस्मे व्हायचे, प्रभुभोजन व्हायचं, शाळा तपासल्या जायच्या, ते सगळं याच महिन्यांत. आणि यातला मोठा भार मिशनऱ्यांवर नव्हता हे सांगितलंच पाहिजे, तो इथल्या मराठी पाळकांवर, शाळामास्तरांवर आणि बायबल वुमन म्हणून दारोदार चालणाऱ्या बायकांवर होता, ज्यांची नावं रिपोर्टमधे कमी आणि वंशजांच्या आठवणीत जास्त आहेत.

संध्याकाळच्या सभा पण उघड्यावर व्हायच्या म्हणून कोरडी हवा लागायची. इथे मला कीर्तनाबद्दल थांबून सांगायचंय. 1860च्या दशकात नगरला कृष्णराव सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, म्हणजे तोच उभा कीर्तनकार, मागे साथ करणारे, पूर्वरंग उत्तररंग, फक्त आख्यान बायबलमधलं. उधळ्या पुत्राची गोष्ट, योसेफाची गोष्ट, टाळ मृदंगावर ऐकायला सगळा गाव बसायचा. पुढे नारायण वामन टिळकांनी, त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, अभंग आणि पदं अशी काही लिहिली की आजही आपल्या गीतांच्या पुस्तकात त्यांच्या रचना काढल्या तर पुस्तक निम्मं रिकामं वाटेल. इंग्रजी चालीवरची भाषांतरित गाणी एकीकडे आणि टिळकांची पदं एकीकडे, सोलापूरची क्वायर ऑक्टोबरात जेव्हा पेटी तबला काढून बसते तेव्हा या दोन्ही वाटा एकाच खोलीत असतात. मला विचाराल तर आपल्याकडे कीर्तन जवळजवळ सुटलंय याचं फार वाईट वाटतं, नव्या सिझनच्या प्लॅनमधे क्वायर कॉम्पिटिशन असते, क्विझ असते, कीर्तन क्वचित.

आता गिरणी. सोलापूर म्हटलं की ती आलीच. 1877 मधे जुनी मिल सुरू झाली, मग आणखी गिरण्या, आणि दुष्काळाने खेडी उठून शहरात आली. 1876 ते 78 चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याला फार वाईट गेला, आणि पुन्हा 1899-1900 चा छप्पन्नचा. या दुष्काळांत अनाथ झालेली मुलं मिशनच्या बोर्डिंगात आली, कुटुंबं गिरणीत लागली. त्यामुळे सोलापूरची मंडळी इतर ठिकाणांपेक्षा वेगळी घडली, तिच्यात शेतमजूर, गिरणी कामगार, शिक्षक, रेल्वेवाले सगळे, आणि भाषा मराठी असली तरी शेजारी तेलुगू, कन्नड, उर्दू. गिरणी कामगाराला रविवारी चर्चला यायचं म्हणजे मुळात रविवार मोकळा पाहिजे, आणि तो सहज मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगार उभे केले तेव्हा 1890 मधे तिथल्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, 1891च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. आज आपण रविवारची उपासना गृहीत धरतो, तिच्या मागे सत्यशोधक विचाराच्या एका कामगार नेत्याची लढाई आहे हे संडे स्कूलच्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

आणि संडे स्कूल स्वतः पण गिरणीच्याच युगातलं बाळ आहे. इंग्लंडमधे ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्सने 1780 मधे ते सुरू केलं ते कामावर जाणाऱ्या गरीब पोरांसाठी, ज्यांना आठवड्यात एकच दिवस मोकळा, त्या दिवशी बायबलवरून अक्षरओळख शिकवायची. आपल्याकडे पण पहिली अनेक वर्षं संडे स्कूल म्हणजे फक्त गोष्ट आणि सोनेरी वचन नव्हतं, वाचायला शिकणं होतं. सोलापुरात तर लहान मुलांच्या शिक्षणाचं काम फार लवकर झालं, मिस मेरी हार्डिंग यांनी इथे बालवाडी चालवली आणि बालवाडीच्या शिक्षिका तयार केल्या, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जेव्हा बालवाडी हा प्रकारच बहुतेक शहरांना माहीत नव्हता. तरुणांचं म्हणाल तर ख्रिश्चन एन्डेव्हर ही चळवळ 1881 मधे अमेरिकेत मेन राज्यात काँग्रिगेशनल चर्चमधेच जन्मली, त्यामुळे त्याच घराण्याच्या मिशनमधे ती येणारच होती. तरुणांनी स्वतः सभा चालवायची, स्वतः प्रार्थना करायची, कमिट्या वाटून घ्यायच्या, हे जे आपल्या तरुण संघात दिसतं त्याची मुळं तिथली.

पुढचं पटकन सांगतो. वेगवेगळी चर्च एकत्र येऊन 1924 मधे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. याने आपल्या सिझनमधे एक मोठा फरक पडला, काँग्रिगेशनल लोकांबरोबर अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले लोक पण एकत्र आल्यामुळे चर्चच्या वर्षाचं कॅलेंडर ठळक झालं, ख्रिसमसच्या आधीचे आगमनकाळाचे चार रविवार, ठरलेली वाचनं वगैरे. म्हणून आज ऑक्टोबरला सुरू झालेली धावपळ आगमनकाळात जाऊन मिळते, मग कॅरोल राउंड, नाताळ, 31 डिसेंबरची रात्रीची उपासना, आणि तोवर शहरात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेची, तयारी दिसायला लागते.

आता येतो उपकारस्तुतीच्या सणाकडे, कारण माझा सगळा जीव त्यात आहे. चर्चमधे धान्य, फळं, भाज्या आणून वेदीपुढे मांडायची आणि नंतर त्यांचा लिलाव करायचा, ज्यात दोन लिंबांसाठी पण लोक हौसेने बोली चढवतात आणि पैसे चर्चच्या कामाला जातात, हे दृश्य आपल्या ओळखीचं आहे. चर्चमधल्या सुगीच्या उपासनेची आजची पद्धत इंग्लंडमधून पसरली, कॉर्नवॉलच्या मॉर्वेन्स्टो गावात रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकाने 1843 मधे ती घेतली असं मानतात. तिकडे शरद ऋतूत गहू कापून झालेला असतो, त्यामुळे बरोबर बसतं.

सोलापुरात मात्र यावेळी उलटं असतं. आपला मुख्य दाणा म्हणजे रब्बीची ज्वारी, मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडून आलेली मालदांडी जी सगळ्या महाराष्ट्राने खाल्ली. ती पेरायची कधी, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात. सोलापूरला जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा, सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरचा, उत्तरा आणि हस्ताचा, त्या ओलीवर पेरणी आणि मग थंडी-दंवावर पीक. मूग उडीद हाती आलेला असतो, डाळिंब असतात, बाजरी कुठे कुठे, पण ज्वारी जमिनीत नुकती पडलेली असते किंवा अजून पाभरीच्या चाड्यातच असते. म्हणजे ज्या रविवारी आपण पीक आलं म्हणून गातो त्या रविवारी आपला शेतकरी सभासद हस्त पडतोय का बघत असतो. कितीतरी वर्षं तो पडलाच नाही. त्याच्या शेजारी बसून नुसती सुगीची गाणी म्हणणं मला अपुरं वाटतं.

आणि गंमत नाही, खरोखर विचार करण्यासारखं हे आहे की बायबलचा देश या बाबतीत न्यू इंग्लंडसारखा नाहीच, सोलापूरसारखा आहे. तिकडे पण उन्हाळा कोरडा ठणठणीत, आगोटीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्यावर जव आणि गहू पेरायचे, वळवाचा पाऊस शेवटी दाणा भरायला, आणि जवाची कापणी वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमारास, गव्हाची त्यानंतर पन्नास दिवसांनी पन्नासाव्या दिवसाच्या सणाला. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचत होती ती जवाच्या हंगामात, म्हणजे आपल्याकडे ज्वारी काढून खळ्यावर आलेली असते साधारण त्याच दिवसांत. शरद ऋतूत त्यांचा मांडवांचा सण, ज्यात द्राक्षं, जैतून, फळं गोळा झाल्याचा आनंद असतो, आणि त्याच सणाच्या शेवटी यहुदी लोक येत्या पावसासाठी प्रार्थना करतात. एकाच सणात मिळालेल्याचे आभार आणि न आलेल्याची विनंती. आपल्या ऑक्टोबरला हे किती चपखल बसतं बघा, मूग उडीद डाळिंबाबद्दल आभार आणि ज्वारीच्या पेरणीसाठी प्रार्थना.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नव्या सिझनचा पहिला रविवार पेरणीचा धरावा. उपकारस्तुतीच्या टेबलावर फळांच्या बाजूला बियाण्याची ज्वारी ठेवावी, शेती करणाऱ्या सभासदांना पुढे बोलवून त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी, आणि शहरातल्या आपल्या मंडळ्यांनी खेड्यातल्या मंडळीकडे एकदा तरी जावं, जशी पूर्वी पाऊस उघडल्यावर फेरी निघायची. आणि सोलापूर म्हणजे नुसतं शेत नाही, मागावरची चादर आणि टॉवेल हे पण इथल्या हातांचं पीकच आहे, यंत्रमागावर काम करणाऱ्याने आपल्या मागावरचं कापड अर्पणात आणलं तर ते भोपळ्याइतकंच शोभेल. काही जण म्हणतील आधीच ऑक्टोबर भरगच्च आहे, खरंय, पण यासाठी वेगळा कार्यक्रम लागत नाही, आहे त्याच उपासनेत एक वाचन आणि एक प्रार्थना बदलायची आहे.

ज्वारीचं अर्पण मात्र फेब्रुवारी-मार्चसाठी राखून ठेवावं. तेव्हा ईस्टरआधीचा उपासकाळ चालू असतो, पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर जवळ आलेला असतो, वल्हांडणाच्या दिवसांत जवाची पहिली पेंढी देवापुढे ओवाळायचा नियम बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, आणि आपल्याकडे नेमकी तेव्हाच कणसं खुडून झालेली असतात. तोवर कुणाच्या शेतातली पहिली पेंढी आणायची हे ठरवायला तरुण संघाकडे चार-पाच महिने आहेत.