दसऱ्याला घासलेले रिव्हॉल्व्हर

पूर्व विदर्भातल्या मालगुजारी वाड्यात किंवा वऱ्हाडातल्या देशमुखी गढीत वाटण्या निघाल्या, की कधीमधी कोठीतल्या पेटीतून एक जुने रिव्हॉल्व्हर बाहेर येते. घेणारा लगेच विचारतो, 'चालते का?' खरे तर आधी विचारायला हवे, 'दर दसऱ्याला हे कशाने घासत होते?' शस्त्रपूजेसाठी चिंच आणि राख लावून लखलखीत केलेल्या पोलादावरून किंमतही दरवर्षी थोडी थोडी धुऊन गेलेली असते.

हात लावताना नळी माणसांपासून दूर आणि बोट चापापासून लांब ठेवा. वेब्ली या इंग्रजी कारखान्याच्या मालासारख्या मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरला घोड्याच्या डाव्या बाजूला खटका असतो. तो दाबला की नळी खाली झुकते आणि चक्रीची, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याची, सगळी भोके मागून दिसतात. सहाही भोकांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. १८६० च्या आगेमागे बनलेल्या टोपीवाल्या (मागे लहान स्फोटक टोपी बसवायच्या) रिव्हॉल्व्हरची चक्री मागून बंद असते. तिच्यात दारू समोरून ठासतात, त्यामुळे आत काही आहे का ते डोळ्यांना दिसत नाही. बारीक लाकडी काडी प्रत्येक भोकात घालून तोंडाशी खूण करा आणि तीच काडी बाहेरून चक्रीला लावून पाहा. खूण बोटभर कमी भरली तर आत काहीतरी आहे. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनीही पेटते. ती काढायचे काम परवानाधारक बंदूक कारागिराचे.

कागद पाहिल्याशिवाय किमतीची बोलणी नकोत. आर्म्स ॲक्ट १९५९ मधली 'जुनाट शस्त्राची' सूट दुरुस्ती करूनही झाडता येणार नाही अशा शस्त्रालाच आहे. आजोबांचे आहे, शंभर वर्षांचे आहे, एवढ्याने ती मिळत नाही. चालू शकणाऱ्या शस्त्राला विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही परवाना लागतो. खाजगी विक्री असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही हिशेबात धरा.

आता भिंग घ्या आणि ठसे वाचा. वेब्लीच्या कारखान्याचे नावच वय सांगते. 'पी. वेब्ली अँड सन' असेल तर माल १८९७ च्या आधीचा, कारण त्या वर्षी स्कॉट आणि एलिस या कंपन्यांशी एकत्र येऊन 'वेब्ली अँड स्कॉट' झाली. ब्रिटिश लष्कराने वेब्लीचा मार्क १ (मार्क म्हणजे नमुन्याची आवृत्ती) घेतला १८८७ मध्ये, आणि मार्क ६ आला १९१५ मध्ये. आधीच्या मार्कांची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी खाली वळते, मार्क ६ ची चौकोनी असते. बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे, म्हणजे बंदुका झाडून तपासतात त्या जागेचे, मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही', 'एनपी' असे ठसे १९०४ पासूनचे. यातला 'एनपी' बिनधुराच्या दारूची चाचणी झाल्याची खूण. त्याआधी फुलीसारखे दोन राजदंड असत. लंबवर्तुळात 'ईएलजी' दिसले तर माल बेल्जियमच्या लिएजचा, आणि त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरचा. इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या बेल्जियन नकला ढिगाने निघाल्या आणि त्या 'वेब्ली' म्हणूनच विकल्या जातात. बाणाचा ठसा म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. दोन बाण टोकाला टोक लावून असले, तर सरकारने तो विकून टाकलेला. नळीवरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या मॅन्टन किंवा रॉडा कंपनीचे नाव असते, तेव्हा ते कारखान्याचे नसून दुकानाचे असते. मात्र भारतातल्या संग्राहकाला हे नाव आवडते.

चौकट, नळी आणि चक्री यांवरचे क्रमांक जुळवून पाहा. चक्रीचा जुळला नाही तर किंमत उतरते, आणि बहुधा झाडणीही बिघडलेली असते. क्रमांक कानसीने उडवलेला असेल तर सौदा तिथेच सोडा, तो गुन्हा आहे. (ठसा मारताना खालच्या धातूचे स्फटिकही दबतात. म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळा आम्ल लावून पुसलेला आकडा पुष्कळदा परत वाचते.)

आता पृष्ठभाग. जुना 'निळा' रंग हा रंग नसून मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा, अगदी पातळ थर असतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल तो विरघळवते, आणि राखेतली बारीक वाळू ठशांच्या कडा झिजवते. अशी चकाकणारी वस्तू नवीन वाटते, पण संग्राहक तिच्याकडे पाठ फिरवतो. मागाहून पुन्हा निळे केलेलेही ओळखता येते. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, धारदार कोपरे गोल होतात आणि अक्षरे एका बाजूने उथळ पडतात. गंजाच्या खड्ड्यात आतपर्यंत एकसारखा काळा रंग दिसला, तर खड्डा आधीचा आणि रंग नंतरचा. एकसारखी तपकिरी करडी झाक आणि टोकदार अक्षरे असलेले न घासलेले शस्त्र दिसायला मळकट असले तरी जास्त मोलाचे.

मुठीच्या फळ्याही बघा. काळे व्हल्कनाइट, म्हणजे गंधकाने कडक केलेले रबर, उजेडात तपकिरी पडते. झिजलेल्या रिव्हॉल्व्हरला कुळकुळीत काळी मूठ असली तर ती बदललेली समजा. हस्तिदंती असेल तर वन्यजीव कायदा आडवा येतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढा. तो पूर्ण चढेपर्यंत चक्री जागेवर घट्ट बसली पाहिजे, आणि हे सहाही घरांसाठी तपासा. बाजूला केसभर हालणे चालते. पुढेमागे खडखडणारी चक्री मात्र झीज सांगते. रिकामा घोडा टक् टक् सोडून बघू नका, टोकावरची नाकी तुटते.

घोडा जड चालला तर गंजावर संशय घेण्याआधी तेल आठवा. आपल्याकडे लोखंडाला जवसाचे तेल लावायची जुनी सवय. या तेलातला निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचे वार्निश होते. पाटाला ते उत्तम, पण यंत्रात पिवळट खळ धरते. अशा वेळी जोर लावला की आतली व्ही आकाराची स्प्रिंग जाते, आणि जुनी स्प्रिंग सहजी मिळत नाही. ही खळ विरघळवून सुटते, त्यामुळे हा दोष दिसतो तेवढा मोठा नाही. चामड्याच्या म्यानात ठेवलेले मात्र बारकाईने पाहा. मेच्या उन्हात म्यान आकसते आणि श्रावणात ओल धरते. साधारण साठ टक्क्यांवरच्या आर्द्रतेत गंज वेगाने चढतो, आणि चामड्यातली टॅनिन व क्षार त्याला हात देतात. म्यान टेकते त्या बाजूलाच खड्डे सापडतात, म्हणून शस्त्र उलटून पाहिल्याशिवाय बोली बोलू नका.

लिलावातले परदेशी भाव दाखवून कोणी किंमत मागितली, तर ते इथे लागू पडत नाहीत. शंभर वर्षे झालेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. इथले गिऱ्हाईक मोजके, तेही परवाना असलेले. तेव्हा भाव ठरतो तो आधी कागदावर, मग न घासलेल्या ठशांवर, मग जुळणाऱ्या क्रमांकांवर, आणि 'चालते का' हे सगळ्यांत शेवटी.