दिव्यांग हक्कांची वकिली (मुंबई)

अपंगत्व असलेल्या व्यक्तींना शिक्षण, नोकरी, प्रवास, नुकसानभरपाई, मालमत्ता आणि पालकत्व यांबाबतचे हक्क कायद्याच्या मार्गाने मिळवून देण्याचे काम. मुंबईत ही वकिलीची वेगळी शाखा म्हणून कोणाच्या पाटीवर सहसा दिसत नाही. प्रकरणे वेगवेगळ्या दारांनी येतात. लोकलमधून पडून पाय गेलेला माणूस रेल्वे दावा न्यायाधिकरणात जातो, आजारपणानंतर कामावरून कमी केलेला कर्मचारी उच्च न्यायालयात, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाचे आईवडील जिल्हाधिकारी कचेरीत. दहावीला उत्तरे लिहून देणारा लेखनिक नाकारलेला मुलगा बहुतेक वेळा कुठेच पोहोचत नाही, कारण तोवर परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली असते. या सगळ्यांचे वकीलपत्र घेणारा वकील मुळात सेवाविषयक, अपघाती दाव्यांचा किंवा कौटुंबिक कामे करणारा असतो आणि एखाद्या अशिलामागून या कामात ओढला जातो.

शब्दाचा घोळ आधी सांगायला हवा. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवल्यावर मराठी शासनव्यवहारात तो रूढ झाला. राज्य सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन केलेला स्वतंत्र विभागही ‘दिव्यांग कल्याण विभाग’ आहे. चळवळीतल्या अनेकांना तो पटत नाही. अंगात दिव्य काही नाही, जिन्याला उतार नाही ही अडचण आहे, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरे आहे. लोकलच्या फलाटावर मात्र आजही ‘हँडिकॅपचा डबा कुठे येतो?’ असेच विचारतात. परिणामी वकील मंत्रालयातल्या अर्जात एक शब्द लिहितो, उच्च न्यायालयातल्या इंग्रजी याचिकेत दुसरा, आणि अशिलाशी बोलताना तिसरा वापरतो.

या कामाचा मुख्य आधार म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९५ चा कायदा होता. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. शासकीय नोकरीतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाले, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखल्या गेल्या. पण वकिलाच्या दृष्टीने मोठी भर पडली ती ‘वाजवी सोय’ या कल्पनेची. सर्वांना सारखे वागवले म्हणजे समानता झाली, असे हा कायदा मानत नाही. ज्याला वेगळी सोय लागते त्याला ती नाकारणे हाच भेदभाव ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाने ही गोष्ट नवा कायदा येण्याच्या सात वर्षे आधी, २००९ मध्येच सांगितली होती. एका सार्वजनिक बँकेने निवड झालेल्या उमेदवाराला, त्याचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे आणि उपचारांचा खर्च बँकेवर पडेल, म्हणून नाकारले होते. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचा आधार घेत न्यायालयाने वाजवी सोयीचे तत्त्व आपल्याकडच्या कायद्यात वाचले. हा निकाल मुंबईचा आहे, याची आठवण मुंबईच्याच वकिलांना क्वचित असते.

कायदा हक्कांची भाषा बोलतो, पण कचेरीत फाइल उघडली की पहिला प्रश्न येतो तो टक्क्यांचा. आरक्षण आणि बहुतेक योजना ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना मिळतात. तो आकडा ठरतो सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या तपासणीत आणि छापला जातो वैश्विक ओळखपत्रावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘यूडीआयडी कार्डा’वर. अशील येतो तो प्लास्टिकच्या पिशवीत सगळे आयुष्य घेऊन: जुना दाखला, नवा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, एक्स-रे, आणि घडी पडून फाटलेली रेशनकार्डाची प्रत. जुन्या दाखल्यावर ४५ टक्के आणि नव्यावर ३८, असे झाले तर काय करायचे, हा विनोदी वाटणारा प्रश्न नोकरी टिकण्या-न टिकण्याचा असतो. पाय तोच आणि माणूसही तोच असला, तरी आकड्याशी भांडायचे म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, पुन्हा रांग, पुन्हा वैद्यकीय मंडळ.

इथे जाणकार वकील आधी एक फरक स्पष्ट करतो. ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. वाजवी सोयीसाठी नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये नेमके हेच म्हटले. उलट बाजूचा निकाल २०२४ चा. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाणीदोषाची टक्केवारी ४० च्या वर म्हणून एमबीबीएससाठी अपात्र ठरवले होते. नुसता आकडा पुरेसा नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे मंडळाने तपासले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे एकाला आकडा कमी म्हणून अडवले होते, दुसऱ्याला जास्त म्हणून.

अपघाताच्या दाव्यांत तर टक्केवारीचा अर्थच बदलतो. मोटार अपघात न्यायाधिकरणात डॉक्टर अवयवाचे अपंगत्व सांगतो, वकिलाला सिद्ध करायची असते कमाईची हानी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेले उदाहरण वकिलांना पाठ असते: डावा हात तुटला तर वैद्यकीय अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरले जाईल, पण जखमी माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, तोच सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकेल. म्हणून उलटतपासणीत डॉक्टरला ‘किती टक्के’ विचारून थांबायचे नसते. हा माणूस उद्या टॅक्सीचा गिअर टाकू शकेल का, शिडीवर चढू शकेल का, हे विचारायचे असते.

रेल्वेचे गणित याच्या अगदी उलट. लोकलमधून पडून झालेल्या अपघातात भरपाई ठरावीक तक्त्याप्रमाणे मिळते. १ जानेवारी २०१७ पासून तिची कमाल मर्यादा ४ लाखांवरून ८ लाख झाली. तिथे सुतार आणि कारकून सारखेच. खरा वाद असतो तो पासचा. रुळांवर पडलेल्या माणसाच्या खिशातला पास सापडत नाही, पाकीट कोणी उचललेले असते, आणि रेल्वे म्हणते हा अधिकृत प्रवासीच नव्हता. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, दावेदाराने प्रतिज्ञापत्र दिले की रेल्वेलाही उत्तर द्यावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. तरीही जुना संपलेला पास जपून ठेवणारे घर वकिलाला देवासारखे वाटते. रोज विरारहून चर्चगेटला जाणारा माणूस त्याच दिवशी विनातिकीट कसा असेल, हे त्या मळक्या कार्डावरून सांगता येते.

नोकरीत असताना अपंगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम, तेही नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद, असे कायदा सांगतो. हे संरक्षण १९९५ च्या कायद्यात कलम ४७ मध्ये होते, आता कलम २० मध्ये आहे. प्रत्यक्षात काय होते ते एका प्रकरणावरून. एका सार्वजनिक उपक्रमातल्या चालकाची दृष्टी मधुमेहाने अधू झाली. त्याला काढून टाकले नाही. आस्थापना शाखेतल्या बाईंनी, खरोखर आपुलकीनेच, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करून पुढे ठेवला. ‘काका, सही करा, पेन्शन तरी लवकर सुरू होईल.’ चालकाने वाचायला म्हणून तो मुलाला फोटो काढून पाठवला, मुलाने वकिलाला. त्या दिवशीचा सगळा कायदेशीर सल्ला दोन शब्दांचा होता: सही नको. सही झाली असती, तर हक्क सोडला की सोडायला लावला यावर चार वर्षे गेली असती.

हे कलम शासकीय आस्थापनांपुरते आहे, ही त्याची मोठी मर्यादा. खासगी कंपन्यांना समान संधी धोरण जाहीर करावे लागते, पण कामावरून कमी केलेल्या माणसाला त्या धोरणाचा उपयोग किती, हा प्रश्नच आहे. ज्या शहरातले बहुसंख्य लोक खासगी नोकरी करतात तिथे ही त्रुटी लहान म्हणता येत नाही.

दाद मागण्याची स्वस्त जागा म्हणजे राज्य दिव्यांग आयुक्त. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे, हे कळल्यावर व्हीलचेअरवरच्या मुंबईकराचा चेहरा पाहावा. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण त्यांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे, इतकेच. कार्यालयाने ऐकले नाही की पुन्हा उच्च न्यायालय. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही माहिती दाखला देणाऱ्या खिडकीवर लावली असती तर बरे झाले असते.

इमारती आणि रस्ते हा वेगळा लढा. ऑक्टोबर २०२३ मध्ये खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअर वापरणाऱ्या एका वधूला दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली यायला तयार नव्हते. त्याच वर्षी पदपथांवर दुचाकी चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमुळे व्हीलचेअर अडते, अशी ईमेल एका नागरिकाने केली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची याचिका करून घेतली. खांब रोवताना दोन खांबांत किती अंतर सोडावे एवढा साधा विचार झाला नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे, म्हणजे इमारती आणि सेवा सर्वांना वापरता येण्याचे, नियम नुसते सुचवणीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत आहे असे म्हणत केंद्राला बंधनकारक मानके करायला सांगितले. नोटांचा प्रश्नही इथलाच: नव्या नोटा स्पर्शाने ओळखू येत नाहीत म्हणून, मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने उच्च न्यायालय गाठले. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचे नोट ओळखणारे ‘मनी’ ॲप आले. भाजीवालीसमोर फोन काढून नोट दाखवत बसणे हा उपाय म्हणायचा का, हे वापरणाऱ्यांना विचारावे.

खुद्द न्यायालयाची १८७८ ची इमारत सुंदर आहे आणि जिन्यांची आहे. दृष्टिहीन वकिलाला जिन्यापेक्षा अडवते ती स्कॅन केलेली पीडीएफ. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर या सॉफ्टवेअरला त्यात अक्षरे नसतात, फक्त चित्र असते. दोनशे पानांची याचिका त्याच्यापुरती कोरी. मूकबधिर साक्षीदाराची साक्ष खुणांनी घेता येते, दुभाषा देऊन तिचे चित्रीकरण करायचे असते. पण खेड्यातून आलेल्या, शाळा न पाहिलेल्या बाईला भारतीय सांकेतिक भाषा येत नाही, घरच्या खुणा येतात. त्या कळणारी एकच व्यक्ती तिची बहीण, आणि विरुद्ध पक्षाचा वकील तिच्या निःपक्षपातीपणावर बोट ठेवायला टपलेला.

पालकत्वाची कामे शांतपणे येतात आणि वर्षानुवर्षे सरत नाहीत. ‘आमच्यामागे याचे काय?’ हा प्रश्न घेऊन सत्तरीचे जोडपे येते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते. मुंबईत शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे, म्हणून आधी पत्त्यावरून कचेरी ठरवायची. कोमातल्या माणसासाठी मात्र असा कायदाच नाही. त्याचा पगार, गाळा, बँकेतले पैसे अडकतात आणि बायकोला उच्च न्यायालयाच्या विशेष अधिकारांचा आधार घेऊन पालक म्हणून नेमून घ्यावे लागते. बँकेच्या शाखेला हा आदेश समजावून सांगणे हे पुढचे काम, ज्याची फी कोणी लावत नाही.

स्टॉलची प्रकरणे हा खास मुंबईचा भाग. एकेकाळी पीसीओचे, म्हणजे सार्वजनिक फोनचे, पिवळे बूथ अनेक अपंगांना उपजीविका म्हणून मिळाले. मोबाइल आले, फोन बंद पडले, आणि त्याच बूथवर झेरॉक्स, बिस्किटे, रिचार्ज विकले जाऊ लागले. पालिकेची गाडी आली की परवान्यावर ‘दूरध्वनी केंद्र’ लिहिलेले असते. वकील व्यवसाय बदलून देण्याचा अर्ज करतो, पोच घेतो, आणि स्टॉलच्या आतल्या बाजूला खिळ्याला ती पोच लॅमिनेट करून टांगायला सांगतो, म्हणजे गाडीवरच्या मुकादमाला दाखवायला हाताशी राहते.