गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि प्रसूतीची पद्धत

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर, किमान ४ तासांच्या अंतराने दोनदा मोजूनही रक्तदाब १४०/९० किंवा जास्त भरला, तर त्याला गरोदरपणातील उच्च रक्तदाब म्हणतात. सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंडे, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांच्यावर परिणाम दिसला, की ती प्रीएक्लॅम्पसिया. झटके आले, की एक्लॅम्पसिया. प्रीएक्लॅम्पसियाचे मूळ वारेत असते. त्यामुळे गोळ्यांनी दाब उतरतो, आजार जात नाही. तो ओसरू लागतो वार पडल्यावर.

‘बीपी वाढलं म्हणजे सिझर’ हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. रक्तदाबावरून ठरते ते मुख्यतः प्रसूती कधी करायची हे. गंभीर लक्षणे नसतील तर ३७ आठवडे भरल्यावर कळा आणतात. दाब १६०/११० वर, प्लेटलेट एक लाखाखाली, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, असे काही असेल तर ३४ आठवड्यांनंतर थांबत नाहीत. त्याआधी बाळ बाहेर काढावे लागणार असेल, तर त्याच्या फुफ्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने १२-१२ तासांनी देतात. तिची प्रकृती ढासळत असेल तर चारही डोस होईपर्यंत वाट पाहत नाहीत.

पद्धत ठरते ती गर्भपिशवीच्या तोंडावरून, बाळाच्या ठोक्यांवरून आणि हाताशी किती वेळ आहे यावरून. तोंड कच्चे असेल तर ते आधी मऊ करावे लागते: मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडावाटे, किंवा फोली कॅथेटरचा (लघवीसाठी घालतात त्या नळीचा) फुगा पिशवीच्या तोंडापलीकडे नेऊन ३० मिलिलिटर पाण्याने फुगवायचा. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ६०२ स्त्रियांवर या दोन्हींची तुलना झाली (निष्कर्ष २०१७). २४ तासांत योनीमार्गे प्रसूती झालेल्यांचे प्रमाण गोळीच्या गटात ५७ टक्के, फुग्याच्या गटात ४७ टक्के होते. गोळी मात्र २५चीच हवी. २०० मायक्रोग्रॅमची गोळी ब्लेडने कापली की तुकडे सारखे होत नाहीत. मोठा तुकडा गेला तर कळा एकामागून एक येतात, मध्ये उसंत राहत नाही आणि बाळाचे ठोके पडतात.

सिझर करावे लागते ते ठोके बिघडल्यास, बाळ जिवंत असताना वार सुटून रक्तस्राव होऊ लागल्यास, कळा आणूनही तोंड न उघडल्यास, किंवा ३२ आठवड्यांच्या आत तोंड अगदी कच्चे असल्यास. झटका आल्या आल्या शस्त्रक्रियेला धावणे ही जुनी चूक. झटक्यानंतर काही मिनिटे बाळाचे ठोके मंदावतात आणि आई सावरली की बहुतेकदा पूर्ववत होतात. म्हणून आधी कूस वळवणे, ऑक्सिजन, झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट. ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम. हे औषध अंगात जास्त झाले नाही ना, यासाठी प्रत्येक डोसाआधी गुडघ्याखाली ठोकून पाय उडतो का ते पाहायचे, श्वास मिनिटाला १६ तरी हवेत, चार तासांत लघवी १०० मिलिलिटर तरी हवी. पाय उडत नसेल तर पुढचा डोस नाही. श्वास मंदावल्यास उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम.

सिझरसाठी पाठीतली भूल बरी, पण प्लेटलेट ७०,००० च्या खाली असल्यास सहसा टाळतात, कारण मणक्यात रक्त साकळू शकते. पूर्ण भूल द्यायची तर घशात नळी घालताना दाब उसळतो, आणि घसा सुजलेला असल्याने नळी जाणेही कठीण होते. सलाईन बेताने, तासाला सुमारे ८० मिलिलिटर. जास्त झाल्यास पाणी फुफ्फुसांत उतरते.

नैसर्गिक प्रसूतीत दाब आटोक्यात असेल तर चिमटा (फोर्सेप्स) लावून बाळ ओढायची घाई नको. वार पडण्यासाठी ऑक्सिटोसिन १० युनिट. गर्भपिशवी आवळणारे मेथर्जिन कटाक्षाने टाळायचे, ते दाब झपाट्याने चढवते. मॅग्नेशियम प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर, जे नंतरचे असेल तेथून, २४ तास चालू ठेवतात. दाब पुन्हा चढतो तो बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, म्हणजे नेमका बाळंतीण घरी पोचलेली असते तेव्हा.