पॅरोल : मराठवाड्यातील निर्णयप्रक्रिया

पॅरोल, म्हणजेच अभिवचन रजा, ही शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला विशिष्ट कारणासाठी, ठरावीक मुदतीपुरती आणि अटींवर मिळणारी तात्पुरती सुटका होय. महाराष्ट्रात तिचे नियमन ‘कारागृहे (मुंबई फर्लो व पॅरोल) नियम, 1959’ यांनुसार होते. 2016 व 2018 मध्ये या नियमांत महत्त्वाचे बदल झाले. फर्लो म्हणजे संचित रजा हा वेगळा प्रकार असून तिच्यासाठी कारण दाखवावे लागत नाही आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलचे दिवस मात्र धरले जात नाहीत.

निकटच्या नातलगाच्या मृत्यूनंतरची तातडीची रजा कारागृह अधीक्षक मंजूर करतात, तर मुलामुलीच्या वा भावंडाच्या लग्नासाठीची रजा कारागृह उपमहानिरीक्षकांच्या अधिकारात येते. कुटुंबातील गंभीर आजारपण, पत्नीचे बाळंतपण, घर कोसळणे, पूर, आग किंवा भूकंप अशा कारणांसाठीच्या नियमित पॅरोलचा निर्णय विभागीय आयुक्त घेतात. हर्सूल मध्यवर्ती कारागृहातील बंद्याचा असा अर्ज अधीक्षकांमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या आयुक्तालयात जातो.

आदेशावर सही आयुक्तांची असली, तरी निर्णयाचा खरा पाया बंद्याच्या गावच्या पोलीस ठाण्यातून येणारा चौकशी अहवाल हाच असतो. सांगितलेले कारण खरे आहे का, जामीनदार कोण व तो जबाबदारी पेलेल का, फिर्यादीच्या कुटुंबाला धोका आहे का, बंदी पूर्वी रजेवरून वेळेत परतला होता का, हे सारे त्यात पाहिले जाते. बीड, जालना, धाराशिवकडची अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि हंगाम संपेपर्यंत घराला कुलूप असते. अशा वेळी पत्त्यावर माणूस न भेटणे हा जामीनदार नसल्याचा पुरावा मानला, तर बंद्यावर अन्याय होतो, म्हणून कुटुंब कोणत्या कारखान्यावर आहे याची चौकशी करूनच अहवाल लिहिला जाणे आवश्यक आहे.

अर्ज नाकारल्यास उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे फौजदारी रिट याचिका दाखल करता येते. ‘शांतता भंगेल’ एवढ्याच मोघम शेऱ्यावर दिलेला नकार मुंबई उच्च न्यायालयाने अनेकदा रद्द केला आहे. बंद्याचा कुटुंबाशी व समाजाशी दुवा टिकावा, हा रजेचा हेतू सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अशफाक विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात मान्य केला. त्याच वेळी समाजाच्या सुरक्षिततेचाही विचार आवश्यक ठरवला. फर्लो हा निरपवाद हक्क नाही, असेही याच न्यायालयाने 2021 मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात म्हटले.

मंजुरीनंतर बंद्याला जातमुचलका (स्वतःचे लेखी हमीपत्र) व जामीन द्यावा लागतो आणि अटीनुसार ठाण्यात हजेरी लावावी लागते. मुदतीत न परतल्यास गुन्हा नोंदवला जातो, मिळालेली शिक्षामाफी कापली जाऊ शकते आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याचा परिणाम होतो. 2020 मध्ये करोना साथीच्या काळात नियमांत तातडीच्या पॅरोलची खास तरतूद जोडण्यात आली आणि तिचे अधिकार अधीक्षकांना देण्यात आले. प्रारंभीची 45 दिवसांची मुदत साथ संपेपर्यंत 30-30 दिवसांनी वाढवता येत असे.