मुस्लिम युनायटेड फ्रंट

मुस्लिम युनायटेड फ्रंट : काश्मीर खोऱ्यातील धार्मिक-राजकीय संघटनांची निवडणूक आघाडी. स्थापनेचे वर्ष बहुधा १९८६ दिले जाते. परंतु घटक संघटना येत-जात असल्याने आघाडीला पक्का आकार १९८७ च्या निवडणुकीच्या तोंडावरच आला, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. संघटनबळ मुख्यतः जमात-ए-इस्लामी या धार्मिक-राजकीय संघटनेचे होते. अनंतनागचे काझी निसार अहमद आणि शिया नेते मौलवी अब्बास अन्सारी हेही तीत होते. मीरवाइझ (श्रीनगरचे प्रमुख धर्मगुरू) मौलवी फारूक मात्र नॅशनल कॉन्फरन्स या प्रादेशिक पक्षाच्या बाजूने राहिले.

नोव्हेंबर १९८६ मध्ये काँग्रेसचे राजीव गांधी आणि नॅशनल कॉन्फरन्सचे फारूक अब्दुल्ला यांचा समझोता झाला. सत्तेतले दोन्ही मोठे पक्ष एकत्र आल्याने विरोधकांची जागा मोकळी झाली, ती फ्रंटने व्यापली. २३ मार्च १९८७ रोजी विधानसभेच्या ७६ जागांसाठी सुमारे ७५ टक्के मतदान झाले. नॅशनल कॉन्फरन्सला ४०, काँग्रेसला २६ आणि भाजपला २ जागा मिळाल्या. फ्रंटच्या ४ जागा निवडणूक आयोगाच्या तक्त्यात शोधून सापडत नाहीत. तिचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे असल्याने तेथे ८ अपक्षांची एकच बेरीज आहे. फ्रंटच्या मतांचे जे टक्के उद्धृत होतात, ते म्हणूनच जपून वापरावेत.

या निवडणुकीतील गैरप्रकारांच्या आरोपांत श्रीनगरच्या अमिराकदल मतदारसंघाचा उल्लेख हटकून येतो. तेथे फ्रंटचे मोहम्मद यूसुफ शाह मोजणीत पुढे असल्याचे समकालीन वृत्तांत सांगतात. विजयी घोषित झाले ते नॅशनल कॉन्फरन्सचे गुलाम मोहिउद्दीन शाह. यूसुफ शाह यांना अटक झाली. तेच पुढे सय्यद सलाहुद्दीन या नावाने हिज्बुल मुजाहिदीन या सशस्त्र संघटनेचे प्रमुख झाले. त्यांच्या प्रचारात असलेले यासिन मलिक जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंट या स्वातंत्र्यवादी सशस्त्र संघटनेत गेले. निकोप मोजणी झाली असती तर फ्रंट सत्तेवर आली असती, हा दावा अतिशयोक्त वाटतो. जम्मू आणि लडाखमध्ये तिला आधार नव्हता. प्रबळ विरोधी पक्ष एवढीच तिची मजल गेली असती.

खोऱ्यातील सशस्त्र बंडाचे मूळ या निवडणुकीत शोधावे की सीमेपलीकडील प्रशिक्षणात, याबद्दल मतभेद आहेत. निवडणुकीने मनुष्यबळ पुरवले आणि पाकिस्तानने शस्त्रे, हे मत उपलब्ध घटनाक्रमाशी अधिक जुळते. फ्रंटच्या आमदारांनी १९८९ मध्ये राजीनामे दिले. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत बारामुल्ला व अनंतनाग येथे जेमतेम ५ टक्के मतदान झाले. पुढची विधानसभा निवडणूक १९९६ मध्येच होऊ शकली. तोवर फ्रंट विसर्जित झाल्यात जमा होती. सोपोरचे माजी आमदार सय्यद अली शाह गिलानी आणि अब्बास अन्सारी १९९३ मध्ये स्थापन झालेल्या हुर्रियत कॉन्फरन्स या फुटीरतावादी संघटनांच्या आघाडीत सामील झाले होते.